सेल्फ मारताना गजर तुटू नये म्हणून

गाडीला सेल्फ मारला की डॅशबोर्डवरचा स्क्रीन काळा व्हायचा. इंजिन चालू झालं की तो पुन्हा उजळायचा, कोपऱ्यात रास्पबेरीची चित्रं यायची आणि चाळीसेक सेकंदांनी सगळं पहिल्यापासून सुरू व्हायचं. एखाद्या वेळी चाललं असतं. पण मुंबईत गाडी काय एकदाच सुरू करायची असते?

दर रविवारी मी अप्पांना घेऊन भांडुपहून लालबागला जातो. त्यांचं भजनी मंडळ तिथल्या चाळीत अजून भरतं. अप्पांचा गळा आता साथ देत नाही, पण मांडीवर ताल धरून बसायला तरी त्यांना जायचंच असतं. ऐंशीच्या दशकातल्या त्यांच्या डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याच्या, कॅसेट्स मी संगणकावर उतरवून घेतल्या आणि गाडीत ऐकू याव्यात म्हणून एक रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा संगणक, बसवला. नुसतं भजनच लावायचं असतं तर पेनड्राइव्ह पुरला असता. मला त्याच स्क्रीनवर मागचा कॅमेरा हवा होता, इंजिनाचं तापमान दिसायला हवं होतं, प्रवासाची नोंद राहायला हवी होती. सात इंची स्क्रीन, छोटा पंखा आणि पाय मिळून यूएसबी मीटरवर पाच व्होल्टला साधारण १.६ अँपिअर खातात, म्हणजे आठ वॉट.

सायन ओलांडून डॉ. आंबेडकर रोडला लागलं की सिग्नल लांबतात. मी इंजिन बंद करतो. सिग्नल सुटला की सेल्फ, आणि स्क्रीन काळा. डबलबारीतला गजर दहा-बारा मिनिटं चढत जातो. टाळ, चकवा, पखवाज, कोरस सगळं लयीला आलेलं असताना तो तुटला की ऐकणाऱ्याचाच श्वास तुटल्यासारखं होतं. दादर टीटीला तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा अप्पा एवढंच म्हणाले, "परत पहिल्यापासून?" त्या दिवशी मी ठरवलं की हे नीट करायचंच.

पहिला अंदाज मी सगळ्यांसारखाच बांधला. स्टार्टर मोटर शंभर-दीडशे अँपिअर ओढते, बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो, मग संगणकाला पुरत नाही. पायला पाच व्होल्ट लागतात आणि ते ४.६३ च्या आसपास उतरले की तो तक्रार करतो, पडद्यावर विजेचं चिन्ह येतं. तेव्हा उपाय सरळ वाटला: एक मोठा कपॅसिटर लावायचा, सेकंदभराची तूट तो भरून काढेल. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलो, १०,००० मायक्रोफॅरडचे, २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर आणले. हातात घेतले तर चांगले जाडजूड, विश्वास बसावा असे. लायटर सॉकेटच्या वायरवर जोडले, सेल्फ मारला. स्क्रीन काळा. काडीचा फरक नाही.

इथे मला आधी करायला हवा होता तो हिशेब मी नंतर केला. कपॅसिटरमधली ऊर्जा म्हणजे धारकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, त्याचं निम्मं. दोन्ही मिळून ०.०२ फॅरड. बारा व्होल्टपासून सात व्होल्टपर्यंत ते रिकामे झाले तर हाती येतात जेमतेम एक ज्यूल. माझा संगणक सेकंदाला आठ ज्यूल खातो. म्हणजे एवढे जाड डबे त्याला सेकंदाचा आठवा हिस्सा जगवणार, आणि तेही सगळी ऊर्जा त्याच्याच वाट्याला आली तर. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड मी लावला नव्हता, त्यामुळे त्याच वायरवरचा स्टिरिओसुद्धा त्यातूनच पीत होता.

अप्पा बेस्टच्या आगारात इलेक्ट्रिशियन होते. आयुष्यभर बसगाड्यांची वायरिंग पाहिली. बसला दोन बॅटऱ्या एकामागे एक, चोवीस व्होल्ट, आणि डिझेल इंजिन फिरवायचं म्हणजे स्टार्टरही तसाच दांडगा. मी कागदावर गणितं मांडत बसलो होतो ते त्यांनी थोडा वेळ बघितलं.

"अरे, तू नुसता अंदाज बांधतोयस. मीटर कुठे लावलास?"

"बॅटरी बसते हे माहितीच आहे ना, अप्पा."

"बॅटरी बसते ते बॅटरीवर. तुझा डबा कुठे जोडलाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आम्ही दोघं उतरलो. अप्पा चावीपाशी, मी मीटर घेऊन. आधी बॅटरीच्या टर्मिनलवर. गाडी रात्रभर उभी होती, १२.४ व्होल्ट दाखवले. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, म्हणजे थोडी उतरलेलीच. सेल्फ मारला तेव्हा आकडा ९.८ वर गेला आणि इंजिन चालू झाल्यावर १४.२. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, खरा खड्डा त्याला दिसत नाही. तो पाहायला मी नंतर एका मित्राचा हातातला छोटा ऑसिलोस्कोप आणला. त्यावरची रेघ मी विसरणार नाही. चावी फिरली त्या क्षणी व्होल्टेज दगड पडावा तसा ७.६ वर गेला, कारण थांबलेली मोटर पहिल्या क्षणी सगळ्यात जास्त करंट ओढते. मग मोटर फिरू लागली तसा तो नऊ-दहाच्या दरम्यान वरखाली व्हायला लागला. त्यातली प्रत्येक लाट म्हणजे एका सिलिंडरमधली दाबाची फेरी. इंजिनाचा श्वासच दिसत होता म्हणा ना.

मग मीटर लायटर सॉकेटवर लावला. अप्पांनी सेल्फ मारला. शून्य. नऊ नाही, सात नाही, सरळ शून्य, आणि चावी सोडेपर्यंत शून्यच.

अप्पा हसले. "रेडिओ गप्प होतो की नाही सेल्फ मारताना? सगळ्याच गाड्यांत होतो."

होतो. इतकी वर्षं ऐकत होतो, कधी विचार केला नव्हता. चावीच्या खटक्यांमध्ये आधी बंद, मग एसीसी म्हणजे ॲक्सेसरी, मग ऑन, आणि शेवटचा स्प्रिंगचा स्टार्ट. चावी स्टार्टला गेली की स्विच एसीसीची लाइन मुद्दाम तोडतो. रेडिओ, लायटर सॉकेट सगळं बाजूला काढून बॅटरीची होती नव्हती ती ताकद स्टार्टरला मिळावी म्हणून. इग्निशन आणि पेट्रोल पंपाची लाइन तेवढी चालू राहते, नाहीतर इंजिन पेट घेणार नाही. म्हणजे माझ्यापुढे दोन वेगवेगळी दुखणी होती आणि मी त्यांना एक समजत होतो. एक बॅटरीचा खड्डा, काही मिलिसेकंदांचा. दुसरं एसीसीचं तुटणं, सेकंद-दीड सेकंदाचं. माझा संगणक मरत होता तो दुसऱ्यामुळे. पाच व्होल्ट देणाऱ्या साध्या स्टेप-डाऊन कन्व्हर्टरला सात-साडेसात व्होल्ट मिळाले तरी भागतं, त्यामुळे ७.६ चा खड्डा त्याने काठावर का होईना पार केला असता. मिळतच नसेल तर काय करणार?

मग जी लाइन चालू राहते त्या इग्निशनच्या वायरवरच का जोडायचं नाही, असं मला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने सुचवलं. त्याने तासाभरात करूनही दिलं असतं. मी नको म्हटलं. त्या लाइनवर इंजिनाचा मेंदू आणि पेट्रोल पंप आहे. माझ्या हाताने बनवलेल्या डब्यात काही शॉर्ट झालं आणि तिथला फ्यूज उडाला तर ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, मधल्या लेनमध्ये, अप्पा शेजारी बसलेले असताना गाडी बंद पडेल. गाण्यासाठी तेवढी जोखीम मला घ्यायची नव्हती. पॉवर बँकही बाद केली. बऱ्याच पॉवर बँका चार्जिंगची वायर तुटली किंवा जोडली की क्षणभर पुरवठा थांबवतात, म्हणजे पुन्हा तेच. शिवाय मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड हात टेकवू देत नाही, तिथे लिथियमचा सेल कायमचा ठेवणं मला पटत नाही.

दुसऱ्या खेपेला लॅमिंग्टन रोडवरून सुपरकपॅसिटर आणले. एकाची क्षमता १० फॅरड, पण व्होल्टेज फक्त २.७. म्हणून सहा एकामागे एक जोडायचे आणि सगळ्यांवर सारखा व्होल्टेज राहावा म्हणून बॅलन्सिंगची पट्टी लावायची. ओळीत जोडले की धारकता सहाव्या हिश्शाला येते, १.६७ फॅरड. अल्टरनेटरच्या १४.४ व्होल्टला प्रत्येकावर २.४ येतात, म्हणजे थोडी सवड राहते. बारापासून सातपर्यंत यातून ७९ ज्यूल मिळतात. कन्व्हर्टरची गळती धरली तरी आठ सेकंद. मला हवा होता दीड.

जोडले, चावी एसीसीला नेली, आणि फट् करून दहा अँपिअरचा फ्यूज गेला. रिकामा सुपरकपॅसिटर पहिल्या क्षणी जवळजवळ शॉर्टच असतो, तो मिळेल तेवढा करंट ओढतो. मी घाबरलो, अप्पा नाही. "त्याला हळूहळू पाज," म्हणाले. भरताना करंट दहा ओहमच्या, दहा वॉटच्या रेझिस्टरमधून जाईल आणि देताना त्याला वळसा घालून एका डायोडमधून येईल अशी जोडणी केली. आता भरताना सव्वा अँपिअरच्या वर जात नाही, मिनिटाभरात पूर्ण भरतो. आणि त्याच्या मागे एक जाड शॉटकी डायोड, म्हणजे साठवलेलं उलट्या दिशेने स्टिरिओकडे पळू नये. शॉटकी अशासाठी की त्यात चार-पाच दशांश व्होल्टच खर्ची पडतात.

त्या संध्याकाळी सेल्फ मारला आणि गजर चालूच राहिला.

मला वाटलं झालं. दोन आठवड्यांनी मेमरी कार्ड बिघडलं आणि पाय उठेना. कारण सरळ होतं. सेल्फचा प्रश्न सुटला होता, पण घरी येऊन चावी काढली की आठ सेकंदांनी वीज जात होती आणि पायला नीट बंद व्हायला माझ्याकडे दहा-बारा सेकंद लागतात. दर वेळी तो लिहिता लिहिता मरत होता. शिवाय सिग्नलला कधी कधी मी सवयीने चावी पूर्ण मागे नेतो, एसीसीवर थांबत नाही. तिथे आठ सेकंदांचा काय उपयोग?

म्हणून सगळं उलटून मांडलं. वीज घ्यायची बॅटरीच्या कायमच्या लाइनवरून, जी चावीला विचारत नाही. एसीसीकडून फक्त निरोप घ्यायचा. ऐकायला सोपं आहे, पण मुंबईत कायमची लाइन म्हणजे धोका. आठवडाभर मी लोकलने जातो आणि गाडी खाली उभी असते. आठ वॉटचा संगणक चालू राहिला तर कन्व्हर्टरची गळती धरून बॅटरीतून पाऊण अँपिअरहून थोडं जास्तच जातं, दिवसाला एकोणीस अँपिअर-तास. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. एका दिवसात निम्मी बॅटरी संपणार, आणि रविवारी अप्पा तयार होऊन खाली आलेले असताना सेल्फ नुसता टक् टक् करणार.

तेव्हा मध्ये रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, हवाच. चावी एसीसीला आली की रिले ओढला जातो, संगणक सुरू होतो आणि सुरू झाल्याबरोबर स्वतःच्या एका पिनवरून, ट्रान्झिस्टरमार्फत, तोच रिले धरून ठेवतो. मग एसीसी गेली तरी काही बिघडत नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज ७.६ वर गेला तरी एकदा ओढलेला रिले सुटत नाही, धरून राहायला त्याला फार कमी लागतं. आणि सुटलाच क्षणभर, तर पुढे सुपरकपॅसिटर बसलेत. ते मी काढले नाहीत. बॅटरी जुनी होईल तसा खड्डा सहा व्होल्टपर्यंत जाईल तेव्हा तेच उपयोगी पडणार आहेत. फक्त जागा बदलली, डॅशबोर्डच्या आतून ड्रायव्हर सीटखाली. हे कपॅसिटर साधारण ६५ अंशांपर्यंतचे असतात आणि उष्णतेने त्यांचं आयुष्य झपाट्याने घटतं.

एसीसीचे बारा व्होल्ट पायच्या पिनला थेट लावले तर पाय गेलाच, त्याला ३.३ च्या वर सोसत नाही. मध्ये पीसी८१७ हा ऑप्टोकपलर आणि २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाकला. आतला छोटा दिवा लागला की पलीकडे कळतं, तारेने तार जोडली जात नाही. प्रोग्रॅम दहा-पंधरा ओळींचा. एसीसी सलग तीन मिनिटं गेलेली असेल तरच बंद व्हायला लाग, मध्येच आली तर विसरून जा. तीन मिनिटांत बहुतेक सिग्नल सुटतात. एक मात्र लक्षात ठेवावं लागतं, बंद झाल्यावरही पायची पिन आहे त्याच स्थितीत राहू शकते, आणि मग रिले सुटतच नाही. प्रणाली पूर्ण थांबल्यावरच ती पिन बदलावी अशी एक ओळ कॉन्फिगरेशनमध्ये घालावी लागते. माझी एक अख्खी रात्र यात गेली.

वायरिंगचं काम अप्पांनी करवून घेतलं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढायचं. पिवळ्या आवरणातल्या वायरींना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या. फ्यूज यंत्राजवळ नको, जिथून वीज घेतो तिथेच हवा, कारण वायर मध्ये कुठेही घासली गेली तर आग त्या वायरला लागते. पाच अँपिअरचा फ्यूज, दीड एमएमची वायर, आणि पत्र्यातून आत येते तिथे रबरी बूच. अल्टरनेटर चालू असताना बॅटरीची तार सुटली तर लाइनवर कित्येक व्होल्टची उसळी येते, तिला अडवायला कन्व्हर्टरच्या तोंडाशी एक टीव्हीएस डायोड.

एवढं होऊनही पडद्यावर अधूनमधून विजेचं चिन्ह येतच होतं. अप्पांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं आमच्या अर्थिंगच्या नटाला लावलं. तिथे सरळ तार असल्यासारखं शून्य दिसायला हवं होतं, दिसले सात दशांश व्होल्ट. मी नट रंगवलेल्या पत्र्यावरच आवळला होता, आणि बॅटरीकडून बॉडीला येणारी जाड पट्टी हिरवट पडली होती. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात हे होतंच. पॉलिश पेपरने दोन्ही जागा चकचकीत केल्या, आवळल्या, वर व्हॅसलीन लावलं. चिन्ह गेलं. सेल्फसुद्धा जरा जोमात फिरायला लागला, म्हणजे त्या हिरव्या पट्टीत स्टार्टरचाही घास अडकत होता.

सगळं मिळून, पाय आणि स्क्रीन सोडून, साडेतीन हजारांच्या आसपास गेले. त्यातले पहिले दोन कपॅसिटर फुकट गेले, ते खोक्यात आहेत.

आता व्होल्टेज मोजणारं आयएनए२१९ चं एक छोटं मॉड्यूलही जोडलंय. ते प्रत्येक सेल्फच्या वेळी, पहिल्या क्षणाचा खड्डा सोडून, बॅटरीचा सगळ्यात खालचा आकडा टिपून ठेवतं. अर्थिंग साफ केल्यानंतर पहिले काही रविवार ८.९, ८.८ असे आकडे होते. पाऊस लागल्यापासून ८.४ पर्यंत आलाय. बॅटरीला चार वर्षं झाली. अप्पा दर रविवारी गाडीत बसल्या बसल्या आधी तो आकडा विचारतात आणि मग डोळे मिटतात. आठच्या खाली गेला की बॅटरी बदलायची, असं आमचं ठरलंय.